लंबकाने आखलेली यात्रा

"हलला! हलला! अहो, आपोआप हलला!"

सहल कंपनीच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकेचाळीस माणसं एका टेबलाभोवती अशी दाटली होती, की मागच्यांना पुढच्यांची फक्त टकलं आणि अंबाडे दिसत होते. एक आजोबा सरळ खुर्चीवर चढले होते. त्यांच्या पत्नी त्यांचा सदरा घट्ट धरून "खाली उतरा, पडाल!" असं बजावत होत्या, आणि स्वतःही टाचा उंचावून बघत होत्या. टेबलावर नकाशा पसरला होता. नकाशावर एक हात, हातात वीतभर काळा दोरा आणि दोऱ्याला लिंबाएवढा, खाली टोकदार असलेला पितळी लंबक. कुणी धक्का दिला नव्हता, कुणी फुंकर मारली नव्हती, आणि तरी तो लंबक डोंगरावरच्या एका ठिपक्याभोवती गरागरा फिरत होता.

हात होता निवृत्त पोस्टमास्तरांचा, आणि खरी नवलाई तीच होती. पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचल्याशिवाय आयुष्यात कधी शिक्का न मारलेला हा माणूस. पाचच मिनिटांपूर्वी "हातचलाखी आहे सगळी" म्हणून त्यांनी नाक मुरडलं होतं. म्हणून तर लंबकगुरूंनी लंबक त्यांच्याच हातात दिला.

"मी हलवत नाहीये हो!" पोस्टमास्तर घामाघूम होऊन म्हणाले. "शपथेवर सांगतो, मी हलवत नाहीये!"

"तुम्ही हलवत नाहीच," लंबकगुरू मधात जीभ बुडवून बोलल्यासारखे म्हणाले. "तुम्ही नुसते ॲन्टेना आहात. बोलतंय ते स्थळ. प्रत्येक तीर्थाची एक कॉस्मिक फ्रिक्वेन्सी असते. जागृत स्थळावर लंबक फिरतो, निद्रिस्त स्थळावर डुलतो आणि मृत स्थळावर गप्प राहतो."

"मग मृत स्थळी गेलं तर?" खुर्चीवरच्या आजोबांनी विचारलं.

"काही नाही. पाय दुखतात."

सगळी खोली भक्तिभावाने हसली.

हसली नाही ती एकटी आखणीताई. ती मागे, कपाटाला टेकून, छातीशी फाईल धरून उभी होती. आखणीताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. कंपनीत सहलींची आखणी तीच करायची, म्हणून मालकापासून चालकापर्यंत सगळ्यांनी तिला ते नाव चिकटवलं होतं. आणि तिची आखणी म्हणजे खुर्चीत बसून नकाशावर रेघा ओढणं नव्हतं. "देवस्थानं आणि इतिहास : नऊ दिवस, अकरा स्थळं" या सहलीसाठी ती चार महिने स्वतः फिरली होती. कुठल्या देवळाला किती पायऱ्या, त्यांतल्या कितव्या पायरीवर बसायला कट्टा, कुठलं स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ आणि कुठल्याला फक्त तशी पाटी, कुठल्या गावात डॉक्टर रविवारी सापडतो, हे सगळं तिच्या फाईलीत होतं. प्रवासी साठीच्या पुढचे होते. त्यांच्या गुडघ्यांचा तिने पुरातत्त्व खात्याइतक्याच गांभीर्याने अभ्यास केला होता.

आणि आता लंबकाने अर्ध्या तासात तिच्या अकरापैकी सहा स्थळं मृत ठरवली. हजार वर्षांच्या पोथ्या सांभाळणारा मठ मेला. राजाची समाधी मेली. अर्थात ती आधीही फारशी जिवंत नव्हती, पण ते वेगळं. ज्या गावात मोठं रुग्णालय होतं आणि म्हणून जिथे तिने दोन मुक्काम ठेवले होते, ते गावही गेलं. त्याऐवजी गुरूंनी खिशातून पेन काढून डोंगराच्या पार टोकाशी एक नवा ठिपका दिला.

"हे गुप्तपीठ. पुस्तकांत सापडणार नाही. आता बघा हं, इथली शक्ती तुम्हाला पेलते का ते!"

आणि पोस्टमास्तरांच्या हातातला लंबक पिसाळल्यासारखा फिरू लागला होता.

"पण तो रस्ता तीन तास घाटाचा आहे," आखणीताई मागून म्हणाली. "वर डॉक्टर नाही, औषधाचं दुकान नाही. राहायचं कुठे?"

"साधकांसाठी निवासाची सोय आहे," गुरू म्हणाले. "योगायोगाने नुकतीच तयार झाली आहे."

हा योगायोग गुरूंच्या सख्ख्या मेहुण्याने बांधला होता, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

"शिवाय शक्तिपीठात डॉक्टर कशाला लागतो?" ही पुस्ती गर्दीतून एका ठणठणीत आवाजाने जोडली. तो आवाज आखणीताईने लगेच ओळखला. रोज सकाळी तोच आवाज तिला "गॅस बारीक कर गं" म्हणून सांगायचा. त्या तिच्या सासूबाई होत्या, आणि लंबकगुरूंना कंपनीत आणणाऱ्याही त्याच होत्या.

मालक खुशीत होता. "ताई, ते रुग्णालय वगैरे बाजूला ठेवा. जाहिरात काय होईल बघा! 'स्वतः देवस्थानांनी निवडलेली सहल!' असं दुसऱ्या कुणाकडे आहे?"

"असं कुणाकडेच नाही," ताई म्हणाली. "कारण बाकीचे लोक रस्ता बघून गाडी नेतात."

मालकाने ते ऐकलं नाही. तो लंबकाखाली स्वतःचा तळहात धरून उभा होता.

*

घरी आखणीताई आणि सासूबाई दोघीच असायच्या. नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सहा महिने समुद्रात. सासू-सुनेचं बरं चालायचं. सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं, निम्म्या गावाची मापं त्यांना तोंडपाठ होती आणि कुणाचीही चूक त्या कापडाच्या रंगाइतक्या सहज सांगायच्या. स्वतःची चूकही सांगायच्या, हा त्यांचा मोठेपणा. "चुकलेली शिवण उसवायला लाज कसली? चुकलेला सदरा घालून हिंडायची लाज वाटली पाहिजे," असं त्या शिकाऊ मुलींना म्हणायच्या.

पण गेला आठवडाभर त्या लंबकमय झाल्या होत्या. गुरूंनी प्रत्येकाला घरी न्यायला एकेक छोटा लंबक दिला होता. 'हो' असेल तर गोल फिरणार, 'नाही' असेल तर आडवा हलणार. सासूबाई भाजीवाल्याच्या टोपलीवर लंबक धरायच्या. भाजीवाला एक दिवस हसला, दुसऱ्या दिवशी वैतागला आणि तिसऱ्या दिवशी "आजी, तुमच्या त्या भोवऱ्याला विचारा, मी गल्ली बदलू का?" म्हणाला. त्या टीव्हीच्या कार्यक्रमांवर लंबक धरायच्या. शेजारच्या मांजरावरही धरला. मांजराने पंजा मारून दोरा तोडला, तेव्हा "फारच प्रबळ शक्ती आहे याच्यात" असं म्हणून त्यांनी त्याला दूध घातलं.

इथवर आखणीताई हसत होती. बुधवारी सकाळी तिचं हसू मावळलं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी टेबलावर होती, आणि तिच्यातली शनिवारपासूनची एकही गोळी कमी झाली नव्हती.

"आई, गोळ्या घेतल्या नाहीत तुम्ही?"

"लंबक नको म्हणाला."

"काय?"

"हे बघ." सासूबाईंनी पट्टीवर लंबक धरला. तो क्षणभर थांबला, थरथरला आणि अगदी ठाम नकार दिल्यासारखा आडवा हलू लागला. "रोज तीनदा विचारते. तिन्ही वेळा नाहीच. सहा वर्षं उगाच विष खात होते मी."

"आई, डॉक्टरांनी दिल्यात त्या! हे असं परस्पर बंद करायचं नसतं. आणि तो लंबक तुम्हीच हलवताय."

सासूबाईंचा चेहरा पडला. रागावल्या असत्या तर बरं, पण त्या दुखावल्या.

"मी खोटं बोलते असं म्हणतेस तू? माझ्या हातात हलतो, माझ्या डोळ्यांदेखत हलतो. आजवर तुझ्याशी कधी खोटं बोलले मी?"

आखणीताईने एक गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली; सासूबाईंनी ती बाजूला सारली. सासूबाई खोटं बोलत नव्हत्याच, आणि पोस्टमास्तरही नव्हते. ढोंगी माणूस पकडता येतो. पण एकेचाळीस प्रामाणिक माणसं एका सुरात "आम्ही हलवत नाही" म्हणतात, तेव्हा काय करायचं?

दुपारी कार्यालयातले सगळे जेवायला खाली उतरले. आखणीताईने दार लोटलं, टेबलावर नकाशा पसरला आणि मालकाच्या खणातला लंबक काढून दोन बोटांत धरला. मनाशी म्हणाली, बघू, माझ्या हातात कसा हलतो ते.

लंबक हलला.

हात दगडासारखा स्थिर ठेवलाय, ही तिची खात्री होती. तरी तो पितळी तुकडा गुरूंनी जागृत ठरवलेल्या संताच्या विहिरीच्या ठिपक्यावर डुलत डुलत चक्क फिरू लागला. क्षणभर, फक्त क्षणभर, तिच्या मनात आलं की आपणच मूर्ख आहोत आणि बाकी सगळे शहाणे. तिने लंबक खाली ठेवला आणि ती पाणी प्यायली.

मग तिला एक गोष्ट आठवली. त्या दिवशी प्रत्येक ठिपक्यावर लंबक नेण्याआधी गुरू काहीतरी बोलायचे. "इथे शक्ती आहे हं." "इथलं तेज गेलंय, बिचारं." आणि नंतर लंबक तसाच वागायचा. एकदाही असं झालं नव्हतं, की आधी लंबक हलला आणि मग गुरू बोलले.

तिने पुन्हा लंबक उचलला. या वेळी नकाशा बाजूला सारला आणि मनात नुसतं म्हणाली, 'आडवा.' लंबक आडवा हलू लागला. 'गोल.' चार-पाच झोक्यांत त्याची चाल बदलली आणि तो गोल फिरू लागला. 'उलटा गोल.' तोही झाला. ती मोठ्याने हसली. कुठलं स्थळ आणि कुठली फ्रिक्वेन्सी! हा तर तिच्या मनाचा हुकूम पाळत होता. हुकूम पोचवत होती तिची बोटं, आणि तेही तिला न कळवता.

शेवटी तिने टेबलावरच्या दिव्याची वाकती मान नकाशावर ओढली आणि लंबकाचा दोरा त्या मानेला बांधला. खाली जागृत विहीर, निद्रिस्त किल्ला, गुप्तपीठ, सगळं एकेक करून सरकवून पाहिलं. लंबक मेल्यासारखा स्तब्ध. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खाली जेवणारा मालक वर आला आणि दारातच थबकला.

"ताई, हे काय करताय?"

"दिव्याला विचारतेय, कुठे जायचं म्हणून. काहीच बोलत नाही."

*

सहलीआधीची शेवटची बैठक शनिवारी होती. गुरूंनी खास मागणी केली होती : मोठा नकाशा हवा, ठळक अक्षरांत नावं हवीत, म्हणजे मागच्या रांगेलाही चमत्कार दिसेल. नकाशा छपाईच्या दुकानातून ऐन वेळी आला. आखणीताईने तो उलगडला आणि कपाळावर हात मारला. दुकानदाराने नावांची यादी एका ओळीने खाली घसरवली होती. त्यामुळे प्रत्येक ठिपक्याशेजारी भलत्याच ठिकाणाचं नाव छापलं गेलं होतं.

हे सांगायला तिने तोंड उघडलं. मग समोर अत्तराच्या घमघमाटात येणारे लंबकगुरू दिसले, आणि तिने तोंड मिटलं.

तेवढ्यात जिन्यात गडबड झाली. "धरा, धरा!" सासूबाई चौथ्या पायरीवर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, हात कठड्याला घट्ट. गाडीचा चालक त्यांना वारा घालत होता.

"काही नाही गं," त्या सुनेला म्हणाल्या, "जरा गरगरलं. जिना फिरल्यासारखा झाला."

आखणीताईने त्यांना हाताला धरून हळूहळू वर आणून पंख्याखाली बसवलं. आपण गप्प बसतोय हे बरोबर की चूक, अशी तिच्या मनात उरलीसुरली जी टोचणी होती, ती त्या चौथ्या पायरीवरच राहिली.

बैठक सुरू झाली. गुरूंनी डोळे मिटले, उघडले, हात चोळले. "आज आपण सर्वांत प्रबळ स्थळापासून सुरुवात करू. संताची विहीर! जिच्या पाण्याला हजार वर्षांचा जप लागलाय. मास्तर, धरा लंबक. सांभाळून हं, मागच्या वेळी एका गृहस्थांना झटका बसला होता!"

पोस्टमास्तरांनी 'संताची विहीर' या ठळक अक्षरांशेजारच्या ठिपक्यावर लंबक धरला. लंबक असा फिरला, असा फिरला, की पोस्टमास्तर दुसऱ्या हाताने मनगट आवळून उभे राहिले. खोलीतून "अहाहा" असा उद्गार निघाला. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जाणवतंय?" गुरू म्हणाले. "दीर्घ श्वास घ्या! विहिरीचा सुगंध इथवर येतोय!"

चालक पुढे वाकला. वीस वर्षं याच रस्त्यांवर गाडी चालवलेला माणूस. त्याने नकाशा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला आणि डोकं खाजवलं.

"गुरुजी, सुगंध येत असेल, पण ही विहीर नाही हो. हे नदीचं वळण, हा पूल, पुलाच्या खालच्या अंगाला... हे शहराचं मैलापाण्याचं केंद्र आहे. इथून जाताना मी काचा बंद करून, नाक धरून गाडी हाणतो."

दीर्घ श्वास घेतलेल्यांनी तो घाईघाईने सोडला.

"विहीर ही इकडे." चालकाने बोट ठेवलं. त्या ठिपक्याशेजारी छापलं होतं, 'पेट्रोल पंप'.

"छपाईत नावं घसरली आहेत," आखणीताई शांतपणे म्हणाली. "माझ्या नकाशात पंप, दवाखाने, वास येणाऱ्या जागा, सगळं असतं. मास्तर, आता या खऱ्या विहिरीवर धरा बरं लंबक."

पोस्टमास्तरांनी धरला. पण 'पेट्रोल पंप' ही अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे होती. लंबक जेमतेम डुलला आणि थांबला. हजार वर्षांचा जप पेट्रोलपुढे फिका पडला.

आता गुरूंचा धंदा बसला, असं कुणालाही वाटलं असतं. पण गुरू म्हणजे कसलेला गडी. त्यांनी एक श्वास घेतला आणि गाडी लगेच रुळावर आणली. "हीच तर लीला आहे! भूगर्भातले प्रवाह कुठून कुठे जातात, सामान्यांना काय कळणार? विहिरीची शक्ती वाहत वाहत त्या केंद्राखाली गेली असेल. क्वांटम सरकणं म्हणतात याला!"

आणि नवल म्हणजे निम्म्या माना डोलल्या. खुर्चीवरचे आजोबा तर "मग तिथेही गाडी थांबवायची का?" असं विचारू लागले.

"थांबा," पंख्याखालून आवाज आला. सासूबाई उठल्या. अजून त्यांचा चेहरा फिकटच होता, पण नजर मात्र वाकड्या शिवणीवर पडावी तशी लंबकावर पडली होती. "गुरुजी, मैलापाणी आणि संत यांतला फरक लंबकाला कळत नसेल, तर माझ्या गोळ्या आणि विष यांतला कळतो कशावरून?"

"बाई, शंका आली की शक्ती जाते."

"मग ती शक्ती फारच नाजूक दिसते. माझ्या शिवणयंत्रावर शंका घेतली तरी ते शिवायचं." त्या सुनेकडे वळल्या. "तू आखणीवाली ना? मग आख काहीतरी. मला नीट बघायचंय."

आखणीताईने कपाटातून टाचण्यांच्या सहा सारख्या डब्या काढून रिकाम्या केल्या. पोस्टमास्तर आणि चालक डब्या घेऊन गॅलरीत गेले. पाच डब्यांत त्यांनी पेपरमिंट ठेवलं आणि एकीत सासूबाईंची गोळी, सुनेने पर्समध्ये बरोबर आणलेल्या पट्टीतली. मग क्रमांक लिहून डब्या दारातून आत सरकवल्या आणि स्वतः बाहेरच थांबले. हेतू हा, की कुणाच्या चेहऱ्यावरून आत काही कळू नये.

सासूबाईंनी आधी उघड्या पट्टीवर लंबक धरला. ठाम नकार. मग डब्यांवर. पहिल्या फेरीत लंबकाने दोन डब्यांना नकार दिला. दोन्हींत पेपरमिंट! गोळीला मात्र त्याने डौलात गोल फिरून होकार दिला होता. डब्या पुन्हा भरल्या. दुसऱ्या फेरीत नकार मिळाला एकीलाच, तोही पेपरमिंटला. तिसऱ्या फेरीत लंबकाने चार डब्यांना नाही म्हटलं, आणि त्या चारांत एकदाची गोळी सापडली.

"म्हणजे गोळी दोनदा चांगली आणि एकदा वाईट," गॅलरीतून आत येत पोस्टमास्तर हिशेब मांडू लागले, "आणि पेपरमिंट सहा वेळा विष! अहो, हा लंबक आहे की माझ्या खात्यातला पत्ते न वाचता थैल्या भरणारा कारकून?"

लोक हसले, पण सासूबाई हसल्या नाहीत. त्या हातातल्या दोऱ्याकडे बघत होत्या.

"पट्टी दिसते तेव्हा हा 'नाही' म्हणतो," त्या सावकाश म्हणाल्या. "झाकली की याला काहीच कळत नाही. म्हणजे याला दिसतं ते माझ्याच डोळ्यांनी." मग दोरा बोटाभोवती गुंडाळत, "गोळ्या मला कधीच आवडल्या नव्हत्या."

आखणीताईने दिव्याची मान ओढून टेबलावरचा मोठा लंबक तिला बांधला. खाली नकाशा सरकवला. सगळे श्वास रोखून बघत राहिले. विहीर गेली, मठ गेला, गुप्तपीठ गेलं. लंबक ढिम्म.

"दिव्याला आत्मा नाही!" गुरू ओरडले. "निर्जीव वस्तूला संवेदना कशी होणार?"

"पण गुरुजी," पोस्टमास्तर म्हणाले, "तुम्हीच म्हणालात, हलवतं ते स्थळ, आम्ही नुसते ॲन्टेना. माझ्या घरी ॲन्टेना पत्र्याचा आहे. आत्म्यावाचून चालतो."

मग आखणीताईने समजावून सांगितलं. "तुमच्यापैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. मीही धरून बघितला, माझ्याही हातात फिरला. माणसाचा हात पूर्ण स्थिर कधीच नसतो. मनात 'आता फिरणार' असं आलं, की बोटं त्या दिशेने केसभर हलतात. इतकी कमी, की आपल्याला जाणवतही नाहीत. पण खाली वीतभर दोरा आहे आणि दोऱ्याला वजन आहे. झोपाळ्यावरच्या पोराला बोटाने हलकासा, पण वेळेवर धक्का देत राहिलं, की झोका चढतोच ना? तसंच हे. गुरुजी फक्त एवढंच करतात, आधी आपल्या मनात उत्तर ठेवतात. पुढचं काम आपण फुकटात करतो."

"चाळीस वर्षं दोरा हाताळला मी," सासूबाई म्हणाल्या. "सुईत ओवलेला दोरा लोंबता धरला की सुई हलते, हे मला दिसत होतं की रोज! तेव्हा मी हात टेकवून धरायची. तिथे देव नाही आठवला, आणि इथे कसा आठवला?" त्यांनी हातातला छोटा लंबक गुरूंसमोर ठेवला. "गुरुजी, शिवण चुकली माझी. उसवली. गोळ्यांचं मात्र तुम्ही कधी 'बंद करा' म्हणाला नव्हतात, हे खरं. पण 'डॉक्टर कशाला लागतो' असं मी भर सभेत म्हटलं, तेव्हा तुम्ही हसून मान डोलावलीत. मी आज जिन्यात पडले असते तर कुणाची फ्रिक्वेन्सी गेली असती?"

गुरूंना अचानक दुसऱ्या गावचा तातडीचा कार्यक्रम आठवला. नकाशा राहिला, अत्तराचा वास राहिला, गुरू गेले. ते जिना उतरत असताना चालकाने नम्रपणे विचारलं, "गुप्तपीठापर्यंत सोडू का? तुमच्या मेहुण्यांचा फोन आला होता मघाशी. एकेचाळीस गाद्या घालू का, विचारत होते."

मेहुण्याचा उलगडा झाला तो असा. मालक भिंतीवरची जाहिरात हळूच काढून घडी घालत होता.

"ताई," तो म्हणाला, "तुमची जुनी आखणी आहे ना अजून?"

"आहे. पायऱ्यांसकट."

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी सासूबाईंचा रक्तदाब मोजला, भुवया उंचावल्या आणि आठ मिनिटं बोलणी खायला लावली. सासूबाईंनी ती मान खाली घालून खाल्ली. आयुष्यात प्रथमच, असं सूनबाई सांगते. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि दहा दिवसांनी डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली.

*

सहल ठरल्याप्रमाणे निघाली. मठातल्या पोथ्या पाहताना पोस्टमास्तर हस्ताक्षरांवर इतके खूश झाले, की त्यांना तिथून ओढून न्यावं लागलं. डोंगरावरच्या देवळात सासूबाईंनी डोळे मिटून, मनापासून हात जोडले. आखणीताई शेजारी उभी होती. सासूबाईंच्या भक्तीत तिला काही खटकलं नाही, खटकायचं कारणही नव्हतं. हात जोडणं वेगळं आणि हात बांधून घेणं वेगळं. ज्याला जिथे नतमस्तक व्हायचं असेल त्याने तिथे व्हावं. पण कुणी आपल्या औषधाला, पैशाला, रस्त्याला हात घालू लागला, की एवढं तरी विचारावं : हे तपासून बघता येईल का? आणि जो "तपासू नका" म्हणेल, त्याच्यापासून चार पावलं लांब उभं राहावं. विचारायला विद्वान असावं लागत नाही. टाचण्यांच्या सहा डब्याही पुरतात.

सातव्या दिवशी जुन्या किल्ल्यात तिथला वाटाड्या भेटला. आवाज भारदस्त, हातात छडी. एका उंच दगडी खांबापाशी थांबून, छडी वर रोखून तो म्हणाला, "आणि हे आश्चर्य! मंडळी, या खांबाची सावली कधीच जमिनीवर पडत नाही!"

तो टाळ्यांसाठी थांबला. दरवेळी इथे टाळ्या पडायच्या.

"कशावरून?" एकेचाळीस तोंडांनी एकदम विचारलं.

वाटाड्याने छडी खाली घेतली. आधी त्याला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. तोवर सासूबाई खांबाला वळसा घालून पलीकडे गेल्याही होत्या, आणि त्यांच्यामागे पोस्टमास्तर, खुर्चीवरचे आजोबा आणि त्यांचा सदरा धरून त्यांच्या पत्नी.

"बाळा, इकडे ये जरा," सासूबाईंनी हाक मारली.

वाटाड्या गेला. खांबाच्या मागच्या बाजूला, गवतावर, चांगली ऐसपैस, काळीभोर सावली पडली होती. त्याने छडीने ती सावली टोचून पाहिली.

"अकरा वर्षं सांगतोय मी हे," तो म्हणाला. "आणि खरं सांगू आजी? या बाजूला मी आज पहिल्यांदा आलो."

"मग बस की घटकाभर," सासूबाई सावलीत बसत, शेजारची जागा थोपटत म्हणाल्या. "ऊन फार आहे."